स्कालात लिस्ट जोडताय? या चुका टाळा

स्काला या प्रोग्रामिंग भाषेतली लिस्ट इम्युटेबल असते, म्हणजे एकदा बनली की बदलत नाही, हे सगळ्यांना पाठ असतं, तरी जावातून आलेली मंडळी दोन लिस्ट जोडायला अ ++ ब अशी नुसती ओळ लिहून पुढे जातात आणि मग विचारतात की अ मध्ये काही आलंच नाही. येणारच नाही ना! जोडल्यावर नवी लिस्ट मिळते, ती कुठे पकडून ठेवली नाही तर गेली. व्हार (ज्या नावाला नंतर दुसरी व्हॅल्यू देता येते) असेल तर ++= चालतं, पण तिथेही जुनी लिस्ट वाढत नाही, ते नाव फक्त नव्या लिस्टला लागतं.

मग :: आणि ::: चा घोळ. पहिला एक एलिमेंट पुढे लावतो, दुसरा दोन लिस्ट जोडतो. लिस्ट(1, 2) :: लिस्ट(3, 4) केलंत तर हातात येतं लिस्ट(लिस्ट(1, 2), 3, 4), आणि कंपायलर गप्प, कारण त्याने टाइप एनीसारख्या, काहीही चालणाऱ्या ढिल्या टाइपपर्यंत ढकललेला असतो. एरर येते कुठेतरी लांब, प्रत्येक एलिमेंटवर काम करणाऱ्या भलत्याच मॅपमध्ये. म्हणून व्हॅलला (न बदलणाऱ्या नावाला) टाइप लिहायचा कंटाळा करू नका, मग चूक तिथल्या तिथे पकडली जाते. उलट लिस्ट(1, 2) ::: 3 लिहिलं की कंपायलर म्हणतो इंटमध्ये (पूर्णांकाच्या टाइपमध्ये) ::: नावाचा मेंबरच नाही, आणि माणूस चक्रावतो की इंट मधे कुठून आला. तर कोलनने संपणारा ऑपरेटर उजवीकडच्या ऑब्जेक्टवर कॉल होतो, इथे तो 3 आहे. शेवटी एकच एलिमेंट लावायचा तर :+ वापरा, कोलन लिस्टच्या बाजूला.

पण खरं दुखणं स्पीडचं. अ ::: ब करताना अ चे सगळे नोड (एकेक एलिमेंट धरणारे दुवे) कॉपी होतात, ब जसाच्या तसा शेअर होतो, म्हणजे खर्च डावीकडच्या लिस्टच्या लांबीएवढा. आता लूपमध्ये दरवेळी :+ करत 10,000 एलिमेंट जमवले तर जवळपास 5 कोटी कॉपी होतात, टेस्टमध्ये पन्नास रेकॉर्ड असतात म्हणून कुणाला कळत नाही आणि प्रॉडक्शनला सगळं रांगायला लागतं. :: ने पुढून भरा आणि शेवटी एकदाच रिव्हर्स मारा, नाहीतर सरळ लिस्टबफर (मागून भरत जाऊन शेवटी लिस्ट करता येणारं कलेक्शन) घ्या, आणि कायम मागूनच भरायचं असेल तर मुळात लिस्ट कशाला, वेक्टर घ्या की. फोल्डलेफ्टमध्ये (डावीकडून एकेक घेत रिझल्ट जमवणाऱ्या मेथडमध्ये) जमा झालेली लिस्ट डावीकडे ठेवून ::: करणारेही त्याच खड्ड्यात पडतात, लिस्टची लिस्ट असेल तर तिची एकच सपाट लिस्ट करायला फ्लॅटन आहे ना. आणि गंमत म्हणजे अ ::: ब ::: क उजवीकडून जोडलं जातं म्हणून अ एकदाच कॉपी होतो, पण अ ++ ब ++ क मध्ये दोनदा.

++ चं अजून एक, रिझल्ट डावीकडच्या कलेक्शनच्या प्रकारचा येतो. डावीकडे सेट असेल तर डुप्लिकेट गुपचूप गायब. दोन लिस्टच्या जोड्या लावणारा झिप पण असाच गुपचूप काम करतो, लांब लिस्टची शेपटी कापून टाकतो, ती हवी असेल तर झिपऑल वापरा.