हंटिंग्टनच्या टेस्टआधी सायकियाट्रिस्टकडे जाताय? या चुका टाळा

आई किंवा वडिलांना हंटिंग्टन, म्हणजे मेंदूचा आनुवंशिक आजार, निघाला की पोरांच्या डोक्यात एकच, मला पण आहे का? चान्स 50 टक्के, छापा नाहीतर काटा. 1993 ला जीन सापडला तेव्हापासून रक्त दिलं की कळतं, पण त्याआधी सायकियाट्रिस्टला भेटा म्हटलं की लोक भडकतात, मी काय वेडा आहे का. मीपण भडकलेलो.

आणि मग मी सगळ्यात मोठी चूक केली, इंटरव्ह्यूला गेल्यासारखा पास व्हायला गेलो. जुनं डिप्रेशन, गोळ्या, एकदा जीव नकोसा झालेला ते, सगळं गिळलं, टेस्ट नाकारतील म्हणून. अहो ते नाकारायला बसलेले नसतात, फार तर म्हणतात आत्ता नको, आधी उपचार करू मग बघू. शिवाय या आजारात उदासी, चिडचिड हे हातपाय आपोआप हलायला लागायच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होऊ शकतं, म्हणजे आपण जे लपवतोय तेच कदाचित लक्षण. उलटंही असतं, हातातनं कप निसटला की झालं, आला आजार, आणि असतं नुसतं टेन्शन. हे वेगळं काढायलाच ती भेट.

घरच्यांच्या रेट्याने जाऊ नका. "स्थळ आलंय, उरकून टाक", ही काय पत्रिका आहे का? लक्षणं नसलेल्या 18 च्या आतल्या पोरांची तर ही टेस्ट करतच नाहीत.

निगेटिव्ह आला की सुटलो, हेही खरं नाही. भावाला निघाला नि मला नाही, हे पचत नाही. आजार होणारच धरून ज्यांनी लग्न, शिक्षण सोडलेलं असतं ते तर पार हलतात. म्हणून दोन्हीकडचं आधी बोलून घ्या.

रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर मागवू नका. त्यात सीएजी रिपीटचा आकडा असतो, म्हणजे जीनमधला सीएजी हा तुकडा किती वेळा परत परत येतो ते, 40 किंवा त्याच्या वर म्हणजे आजार होणार, 36 ते 39 म्हणजे होईल किंवा नाहीही, आणि कधी होईल ते आकड्यावरून नक्की सांगता येत नाही, हे समोर बसून कुणीतरी समजवायला हवं.

सोबत सख्ख्या बहीणभावाला नेऊ नका, त्यांच्या डोक्यावर तीच तलवार. मित्र न्या. रात्री फारच झालं तर टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416.

आणि रिझल्ट तयार असला तरी ऐन वेळी नको म्हणून उठून घरी येता येतं. पैसे गेले तर गेले.