फायरफॉक्स टिकवायचा तर हात नेमका कुठे लावायचा

फायरफॉक्स हा ब्राउझर आवडतो म्हणून मोझिलाला देणगी दिलीत, तर ती फायरफॉक्सच्या कोडपर्यंत पोचत नाही. मदत करू पाहणारे पुष्कळ जण इथेच चुकतात. मोझिला या नावाखाली दोन घरं आहेत. 2003 साली स्थापन झालेलं मोझिला फाउंडेशन ही ना-नफा संस्था आहे. देणग्या तिच्याकडे जातात आणि त्यातून जनजागृती, अनुदानं आणि धोरणविषयक मोहिमा चालतात. फायरफॉक्स बनवते ती मोझिला कॉर्पोरेशन, म्हणजे 2005 मध्ये काढलेली, फाउंडेशनच्याच मालकीची कंपनी. तिचा पैसा मुख्यतः सर्चमधून येतो, म्हणजे फायरफॉक्समध्ये आपलं सर्च ठेवण्यासाठी सर्च कंपन्या जे देतात त्यातून. थंडरबर्ड हा ईमेल प्रोग्राम तेवढा वेगळा. त्याची स्वतंत्र उपकंपनी आहे आणि ती प्रामुख्याने देणग्यांवर चालते. 2022 मध्ये तिला सुमारे 64 लाख डॉलर मिळाले. पैसे थेट सॉफ्टवेअरवर खर्च व्हावेत असं वाटत असेल, तर ते तिथे द्या. फायरफॉक्सला द्यायचा तो तुमचा रोजचा वापर.

ताळेबंद कसा वाचायचा ते आधी पाहू. मोझिला दरवर्षी लेखापरीक्षित हिशेब प्रसिद्ध करते. त्यात एकूण उत्पन्नाच्या आकड्यावर थांबू नका, ‘रॉयल्टी’ची ओळ शोधा. सर्चचा पैसा मुख्यतः तिथे दिसतो. 2022 मध्ये एकूण उत्पन्न सुमारे 59.3 कोटी डॉलर होतं आणि त्यात रॉयल्टी 51 कोटी. 2023 मध्ये एकूण आकडा 65.3 कोटींवर गेला, पण रॉयल्टी 49.5 कोटींवर उतरली. वरवर पाहणाऱ्याला ही वाढ वाटते. प्रत्यक्षात ब्राउझरची कमाई घटली होती. मग एकाच ग्राहकावर किती मदार आहे हे सांगणारी टीप वाचा. तो ग्राहक म्हणजे गूगल. मे 2025 मध्ये मोझिलाचे वित्तप्रमुख एरिक म्युलहाइम यांनी गूगलच्या सर्चमधल्या मक्तेदारीवरच्या खटल्यात अमेरिकेच्या न्यायालयात सांगितलं की, कंपनीचं सुमारे 90 टक्के उत्पन्न फायरफॉक्समधून येतं आणि त्यातलं सुमारे 85 टक्के गूगलच्या करारातून. दुसरा आधार शोधून झालेला आहे: 2014 मध्ये अमेरिकेत याहूला डीफॉल्ट, म्हणजे आधीपासून निवडलेलं सर्च, केलं होतं, पण नोव्हेंबर 2017 मध्ये मोझिला तो करार सोडून गूगलकडे परतली.

त्याच खटल्यात न्यायाधीश अमित मेहता यांनी सप्टेंबर 2025 मध्ये गूगलला एकाधिकाराचे करार करायला मनाई केली, पण पैसे देऊन डीफॉल्ट जागा घ्यायला बंदी घातली नाही. फायरफॉक्सचा श्वास त्यामुळे चालू राहिला. मात्र डिसेंबरमध्ये अशा करारांना एका वर्षाची मर्यादा घातली गेली. म्हणजे वाटाघाटींना दरवर्षी बसायचं आणि टेबलावर वापरणाऱ्यांची संख्या ठेवायची.

तुमचा सर्च मोझिलाच्या खात्यात जमा होतोय का, हे अर्ध्या मिनिटात कळतं. फायरफॉक्सच्या ॲड्रेस बारमध्ये काहीही टाइप करून गूगलवर शोधा. निकाल आले की कंट्रोल आणि आय दाबा. पानाची माहिती देणारी खिडकी उघडेल. तिथल्या पूर्ण पत्त्यात ‘क्लायंट’ या शब्दापुढे ‘फायरफॉक्स-बी-डी’ असं रोमन अक्षरांत दिसलं, तर तो मोझिलाचा भागीदारी कोड. आधी गूगलचं मुखपृष्ठ उघडून तिथल्या चौकटीत शोधलं, तर हा कोड लागत नाही. बुकमार्क केलेल्या गूगलच्या पानावरून शोधायची सवय म्हणूनच सोडा. लिनक्सच्या काही वितरणांत कोड वितरणाचा स्वतःचा असतो, तेव्हा वेगळा शब्द दिसला तर घाबरू नका.

सेटिंग्जमध्ये गोपनीयतेच्या भागात माहिती पाठवण्याचे पर्याय आहेत. पुष्कळ जण ते एका झटक्यात सगळे बंद करतात. तांत्रिक माहिती हवी तर बंद ठेवा, पण ‘डेली यूसेज पिंग’ची खूण राहू द्या. नाहीतर तुम्ही वापरत असूनही मोजणीत येत नाही.

नेतृत्वाकडे पाहताना निवेदनांपेक्षा माणसं कुठून कमी झाली ते पाहा. 2014 मध्ये ब्रेंडन आयक सीईओ झाले आणि दोन आठवड्यांच्या आत पायउतार झाले. फेब्रुवारी 2024 मध्ये मिचेल बेकर यांच्या जागी लॉरा चेंबर्स हंगामी म्हणून आल्या, आणि डिसेंबर 2025 मध्ये अँथनी एन्झर-डिमेओ. माझ्या मते या काळातला सर्वांत महागात पडलेला निर्णय ऑगस्ट 2020 चा: सुमारे 250 जणांची कपात झाली आणि त्यात सर्वो हे नवं इंजिन, म्हणजे वेबपान पडद्यावर मांडणारा ब्राउझरचा गाभा, घडवणारा चमूही गेला. ते काम पुढे लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली जिवंत राहिलं. उलट, जुलै 2025 मध्ये पॉकेट ही लेख नंतर वाचायला साठवणारी सेवा बंद केली तेव्हा वापरणाऱ्यांना वाईट वाटलं, पण इंजिनाला धक्का लागला नाही. नवा सीईओ आला की हीच कसोटी लावा. फायरफॉक्सच्या गेको इंजिनावर किती काम चाललंय ते उघड्यावर दिसतं. मे 2025 पासून कोड गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर आहे.

आता स्पर्धेचं. ऑपेराने 2013 मध्ये आणि मायक्रोसॉफ्टने 2020 मध्ये क्रोमियमचा, म्हणजे गूगलच्या क्रोमच्या खुल्या पायाचा, रस्ता धरला. मोठी इंजिनं तीनच उरली: गूगलचं ब्लिंक, ॲपलचं वेबकिट आणि मोझिलाचं गेको. फायरफॉक्स सोडायला लावणारा एक अनुभव म्हणजे ‘हे पान इथे चालत नाही, क्रोम उघडा’. आणि नेमकं इथेच सामान्य माणसाला खूप काही करता येतं.

पान बिघडलेलं दिसलं की आधी पत्त्याशेजारच्या ढालीवर क्लिक करून त्या साइटपुरतं ट्रॅकिंग संरक्षण बंद करा. पान चाललं, तर दोष इंजिनाचा नाही, अडवलेल्या एखाद्या स्क्रिप्टचा. नाही चाललं, तर मदत मेनूतून ट्रबलशूट मोड सुरू करा. त्यात ॲड-ऑन बंद राहतात. तरीही बिघाड कायम असेल, तर मुख्य मेनूतल्या ‘रिपोर्ट ब्रोकन साइट’मधून तक्रार करा. नुसतं ‘चालत नाही’ लिहिलेली तक्रार पडून राहते. कोणत्या पानावर, कोणतं बटण दाबल्यावर, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, हे चार वाक्यांत लिहा. लॉगिनमागचं पान असेल तर तसं सांगा, कारण तपासणाऱ्याला ते उघडता येत नाही.

काही साइट ब्राउझरचं नाव वाचूनच दार लावतात. ॲड्रेस बारमध्ये ‘अबाउट:कॉम्पॅट’ रोमन लिपीत टाइप केलंत, तर अशा साइटसाठी मोझिलाने केलेल्या तात्पुरत्या दुरुस्त्यांची यादी दिसेल. तुमची साइट त्यात नसेल, तर क्रोम मास्क हे ॲड-ऑन वापरून त्या एकाच साइटला ‘मी क्रोम आहे’ असं सांगता येतं. सगळीकडे मुखवटा लावून मात्र फिरू नका. साइटवाल्याच्या नोंदीत तुम्ही क्रोम म्हणून जाता, मग तो म्हणतो की फायरफॉक्स कुणी वापरतच नाही, आणि चाचणी करायची बंद करतो.

मराठी येणाऱ्यांसाठी आणखी एक काम आहे: मोझिलाच्या पॉन्टून या भाषांतर संकेतस्थळावर मोझिला खात्याने लॉगिन करा, मराठीचा चमू निवडा, फायरफॉक्स प्रकल्प उघडा आणि भाषांतर नसलेली वाक्यं तेवढी निवडून घ्या. तुमची सूचना तपासली जाते, मगच ती ब्राउझरमध्ये जाते. महिरपी कंसातला मजकूर जसाच्या तसा ठेवा, त्यातलं एक अक्षरही बदललं तर वाक्य मोडतं. खरी अडचण विभक्तीची येते. कंसाच्या जागी पुढे कोणतं नाव येणार ते माहीत नसतं, त्यामुळे त्याचं सामान्यरूप करता येत नाही. कंसाला थेट ‘ला’ किंवा ‘ने’ चिकटवलं की कधीतरी ते वाक्य विचित्र होतं. म्हणून प्रत्यय दुसऱ्या शब्दावर घ्या: कंसापुढे ‘या साइटला’, ‘या फाइलचं’, ‘या ॲड-ऑनने’. संख्येच्या वाक्यांत एकवचन आणि अनेकवचन अशी दोन्ही रूपं भरा, नाहीतर ‘1 टॅब बंद होतील’ असं पडद्यावर येतं.