कोकणात सायकलने कामावर कसं जावं

सोमवारी सकाळी उत्साहाच्या भरात एकदम सायकल काढू नका. आधी रविवारी, रस्ता रिकामा असताना, घड्याळ लावून घर ते ऑफिस अशी एक फेरी मारा. माझं घर भाट्यात, ऑफिस रत्नागिरी शहरात, अंतर सहा किलोमीटर. वीस मिनिटांत पोचू असा माझा हिशोब होता. पण पूल ओलांडून शहराकडे लागलं की चढ आहे, आणि त्या चढाने पहिल्या रविवारी अडतीस मिनिटं घेतली. दोन महिन्यांनी तेच अंतर पंचवीसवर आलं. सुरुवातीला आठवड्यातून दोनच दिवस सायकल, बाकी दिवस एसटी, एवढं पुरे.

रस्ता निवडताना मुंबई-गोवा महामार्ग टाळा. दोन किलोमीटर जास्त पडले तरी गावातला जुना रस्ता बरा. खाडी आडवी येत असेल तर दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ अशा फेरीबोटींत सायकल चढवता येते. फक्त बोटीची वेळ धरून घर सोडायचं.

सीटची उंची आधी नीट करून घ्या. पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. सीट खाली ठेवून चालवणाऱ्यांचे गुडघे दुखतात आणि बोल मात्र सायकलला बसतो. हलके गिअर असलेली सायकल घ्या, आणि चढ सुरू व्हायच्या आधीच गिअर उतरवा. भर चढावर जोर लावून बदलला की चेन कडकडते, कधी उतरतेही. नाहीच जमलं तर खाली उतरून ढकला. कोणी बघत नाही, आणि बघितलं तरी काय?

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, त्यांचा उपयोग मला सायकलवर कळला. सकाळी हवा पडलेली असते किंवा जमिनीकडून हलकी झुळूक येते. दुपारनंतर समुद्राचा वारा सुटतो. घरी परतताना भाट्याच्या पुलावर तो उजवीकडून असा रेटतो की हँडल घट्ट धरावं लागतं. कामाचं ठिकाण किनाऱ्यापासून आत असेल तर सकाळ सोपी आणि संध्याकाळ अंगावरची, हे धरूनच निघण्याची वेळ ठरवा.

घामाला उपाय नाही, सोय आहे. अर्धा तास लवकर निघा, सावकाश चालवा, ऑफिसात एक शर्ट आणि पंचा ठेवा. बॅग पाठीवर नको, कॅरिअरला बांधा. पाठ कोरडी राहते.

पावसाळ्यात मडगार्ड आणि मागचा लाल दिवा हवाच. पहिल्या एक-दोन सरींत रस्त्यावरचं तेल वर येतं, तेव्हा वळणावर ब्रेक दाबू नका. रिमवर दाबणारे ब्रेक भिजले की उशिरा लागतात. आधी हलकेच दाबून रिम पुसून घ्यायची, मग जोर द्यायचा. शेवाळलेल्या कडेपासून लांब राहा. रेड अलर्ट असेल त्या दिवशी सरळ एसटी पकडा.

खरा शत्रू मात्र खारी हवा. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने सायकल धुवा, फडक्याने कोरडी करा, मग चेनला सायकलचंच तेल द्या आणि वरचं जास्तीचं पुसून टाका. मी पहिल्या वर्षी घरचं खोबरेल वापरलं होतं. जानेवारीच्या थंड पहाटे ते चेनवरच थिजलं, वर त्यात वाळू बसली. चेन नवीन घ्यावी लागली.

एवढा खटाटोप कशाला? महिन्याला पंचवीस दिवस धरले तर माझं जाणं-येणं तीनशे किलोमीटर होतं, म्हणजे लिटरला पन्नास देणाऱ्या मोटारसायकलचं सहा लिटर पेट्रोल वाचतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. माझी तीनच दिवसांत तेवढी भरतात, वेगळा वेळ न काढता. बाजारात गाडी लावायला जागा शोधत फिरणंही संपलं. संध्याकाळी मासळी घेऊन घरी जाता येतं, फक्त पिशवी हँडलला लटकवू नका. पुढच्या चाकाच्या तारांत अडकली तर तुम्ही आणि बांगडे दोघेही रस्त्यावर.