मेनी जेलेट यांचे चित्र हाताने कसे वाचावे

आयर्लंडच्या चित्रकार मेनी जेलेट (१८९७–१९४४) यांच्या अमूर्त चित्रासमोर बसून ‘यात नेमके काय दाखवले आहे?’ असे विचारत राहिल्यास तासाभरानेही फारसे काही हाती लागत नाही. ज्या कृतीतून ही चित्रे घडली ती कृती आपण आधी स्वतः करून पाहावी आणि मगच चित्राकडे वळावे, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी घरचे टेबल आणि एक दुपार पुरेशी होते.

नागपूरच्या सीताबर्डीवरच्या कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानातून पांढरी कार्डशीट, चार रंगांचे घोटीव कागद आणि खळ आणावी. कार्डशीटचा ३० सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर उंच असा तुकडा कापावा. घोटीव कागदातून २४ × १६, १८ × १२, १२ × ८ आणि ६ × ४ सेंटिमीटरचे चार आयत कापावेत. प्रत्येकाचे प्रमाण मूळ तुकड्याइतकेच, म्हणजे ३ : २, राहते, आणि या प्रमाणात तडजोड करू नये, चित्रातला प्रत्येक आकार चित्राच्या चौकटीतूनच जन्माला यावा, हा या पद्धतीचा पाया आहे. उन्हाळ्याचे दिवस असतील तर तेवढा वेळ कूलर बंद ठेवावा, कारण त्याच्या झोताने सुटे कागद उडतातच, शिवाय दमट हवेने घोटीव कागदाच्या कडा वळतात आणि तो सपाट चिकटत नाही.

पहिली कृती सरकवण्याची. सर्वांत मोठा आयत मध्यापासून किंचित उजवीकडे ठेवावा, त्यावरचा डावीकडे व थोडा खाली, तिसरा पुन्हा उजवीकडे, मात्र सर्वांच्या बाजू चौकटीला समांतर असाव्यात. येथे चित्र स्थिर आणि भारदस्त दिसते. दुसरी कृती फिरवण्याची. सर्वांत मोठा आयत जागीच राहू द्यावा, दुसरा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने साधारण १५ अंश कलता करावा, तिसरा त्याहून अधिक, चौथा आणखी अधिक. आता नजर एका कोपऱ्यावरून दुसऱ्यावर घसरत मध्याभोवती फिरू लागते. हा क्षण घाईने ओलांडू नये. आयत पुन्हा सरळ करावेत, पुन्हा कलते करावेत आणि नजरेच्या चालीत होणारा बदल टिपावा. समाधान झाल्यावरच खळ लावावी. माझ्या पहिल्या प्रयत्नात चारही रंग सारखेच भडक होते, त्यामुळे फिरण्याची चाल पार बुजून गेली. रंग बाहेरून आत गडदाकडून फिक्याकडे नेले, तेव्हा ती स्पष्ट झाली.

सरकवणे आणि फिरवणे ही तत्त्वे फ्रेंच घनवादी (क्युबिस्ट), म्हणजे वस्तू भौमितिक आकारांत मोडून मांडणारे, चित्रकार आल्बेर ग्लेझ यांनी मांडली. जेलेट आणि त्यांच्या मैत्रीण ईव्ही होन १९२१ मध्ये पॅरिसला चित्रकार आंद्रे लोत यांच्याकडे शिकायला गेल्या होत्या. लोत यांच्या घनवादात वस्तू ओळखू येत असे. या दोघींना त्याही पुढे जायचे होते, म्हणून शिष्य घेण्यास फारशा राजी नसलेल्या ग्लेझ यांच्याकडे त्यांनी आग्रहाने प्रवेश मिळवला. जेलेट यांना रेखाटन येत नव्हते म्हणून त्या अमूर्ताकडे वळल्या, असे कोणी समजू नये. डब्लिनमध्ये विल्यम ऑर्पेन आणि लंडनमध्ये वॉल्टर सिकर्ट यांच्याकडे त्यांनी मानवाकृतीचा कसून अभ्यास केला होता. त्या पियानोही उत्तम वाजवत, आणि लयीची ही जाण त्यांच्या चित्रांत उतरली आहे, असे मला मनापासून वाटते.

आता नॅशनल गॅलरी ऑफ आयर्लंडच्या संकेतस्थळावर ‘डेकोरेशन’ हे चित्र उघडावे. लाकडी फळीवर टेम्पेरा, म्हणजे बहुधा अंड्याच्या बलकात कालवलेल्या, रंगांत केलेल्या या चित्राची वरची बाजू छपरासारखी दोन्हीकडे उतरती आहे, जुन्या ख्रिस्ती धर्मचित्रांच्या फळ्यांसारखी. आपण चिकटवलेले आयत शेजारी ठेवून चित्रात सरळ उभे राहिलेले आकार कोणते आणि कललेले कोणते, हे बोटाने शोधावे. १९२३ मध्ये ते डब्लिनला प्रदर्शित झाले, तेव्हा कवी आणि समीक्षक जॉर्ज रसेल यांनी या घनवादाला कलेतला मलेरिया ठरवले. हाताने आयत फिरवून पाहिलेल्या माणसाला हा आरोप किती अन्यायकारक होता ते कळते, कारण तापाच्या भ्रमाचा लवलेशही नसलेली काटेकोर मांडणी त्याने स्वतः अनुभवलेली असते.

शेवटचा टप्पा नागपूरच्याच झिरो माइल स्तंभापाशी करावा. तेथील घोड्यांच्या चार पुतळ्यांपैकी एकाचे पेन्सिलीने साधे रेखाटन करावे, सकाळी लवकर, म्हणजे सावल्या लांब मिळतात. घरी आल्यावर मान, पाठ आणि पाय यांचे मोठे वक्र तेवढे ठेवून बाकी तपशील गाळावा आणि ते वक्र मघाच्याच रीतीने सरकवावेत, फिरवावेत. त्यानंतर जेलेट यांचे १९४१ चे ‘ॲकिल हॉर्सेस’ पाहावे. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील ॲकिल बेटाच्या नावाचे हे चित्र आहे. वीस वर्षे अमूर्ताचा अभ्यास केल्यावर त्यांनी घोड्यांना पुन्हा चित्रात येऊ दिले, पण लय सोडली नाही. एका घोड्याच्या मानेवर बोट ठेवावे आणि तिचा वक्र सोडू नये. तो पुढच्या घोड्याच्या पाठीवरून निघून कोठे परततो, ते पाहावे.