गरजू कुटुंबासाठी चार संस्थांनी मिळून काम कसं करायचं

एकदा एका बाईंनी पिशवीतून चार चिठ्ठ्या काढून माझ्या टेबलावर ठेवल्या. प्रत्येक चिठ्ठी वेगळ्या संस्थेची, आणि प्रत्येकीवर पुढच्या संस्थेचं नाव. पहिली चिठ्ठी आमच्याच ऑफिसची होती आणि चौथीवर नाव होतं, तेही आमचंच. म्हणजे त्या बाई गोल फिरून परत आमच्या दारात आल्या होत्या, आणि आमच्या रजिस्टरमध्ये मात्र त्यांच्या नावापुढे ‘रेफर केलं’, म्हणजे दुसऱ्या संस्थेकडे पाठवलं, असं लिहून टिकमार्क केलेला होता, काम झालं म्हणून!

त्या दिवसापासून मी एवढंच धरून बसलोय की हेलपाटे संस्थांनी घालायचे, कुटुंबाने नाही. आता हे प्रत्यक्षात कसं करायचं ते सांगतो.

सुरुवात यादीपासून. तुमच्या भागात कोण काय करतं याची यादी बहुतेक सगळ्यांकडे असते पण ती कुठल्यातरी जुन्या पुस्तिकेवरून उतरवलेली असते, त्यातले अर्धे फोन लागत नाहीत. म्हणून एक दिवस बसून प्रत्येक ठिकाणी स्वतः फोन करा आणि साधे प्रश्न विचारा: कोणाला घेता, उत्पन्नाची अट काय, कुठले कागद लागतात, आत्ता जागा आहे की वेटिंग, आणि फोन नक्की कोण उचलतं. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण माणसाचं नाव माहीत नसेल तर ती माहिती काही कामाची नाही. दर तीन महिन्यांनी ही यादी परत तपासा आणि ते काम एकाच्याच गळ्यात घाला, नाहीतर सहा महिन्यांनी ये रे माझ्या मागल्या.

दुसरं म्हणजे, प्रत्येक कुटुंबामागे एकच मुख्य कार्यकर्ता ठरवा. बाकीच्या संस्था आपापलं काम करतीलच, पण ‘आता पुढे काय’ हे कुटुंबाने कोणाला विचारायचं ते एकच नाव असलं पाहिजे. हे ठरलं नसल्यामुळे आमच्याकडे काय झालं बघा, तीन संस्थांनी एकाच पोराला तीन दप्तरं दिली आणि त्याच महिन्यात त्या घराचं भाडं थकलं म्हणून त्यांना खोली सोडावी लागली. भाड्याचं प्रत्येकाला वाटलं की दुसरा बघत असेल.

मग संमती. ही पायरी लोक घाईत उरकतात, सही घेतात आणि फाईलला लावतात. तसं करू नका. कुठली माहिती, कोणाला, कशासाठी आणि किती दिवस देणार हे त्यांना कळेल अशा भाषेत बोलून सांगा, आणि संमती कधीही मागे घेता येते हेही सांगा. सही नाही केली तर मदत बंद, असं चुकूनही म्हणायचं नाही. घरात मारहाण असेल तर जास्तच जपायचं, कुठल्या नंबरवर फोन केलेला चालेल, मेसेज ठेवायचा की नाही हे आधी विचारून घ्या. पत्ता सगळ्यांना दिसणाऱ्या एक्सेल शीटमध्ये टाकायचा नाही, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर कुटुंबाचं नाव तर अजिबातच नाही.

इथे थोडं विषयांतर. संस्थांनी आपसात नोंदी जुळवायची कल्पना काही आजची नाही, १८६९ मध्ये लंडनमध्ये चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी सुरू झाली ती याच खटपटीत, एकाच घराला दोनदा मदत जाऊ नये म्हणून. पण त्यात ‘लायक गरीब’ आणि ‘नालायक गरीब’ अशी निवडही चालायची. शेअर केलेली फाईल आजही सहज त्या वळणावर जाते, म्हणून ‘कुटुंब सहकार्य करत नाही’ असले शेरे मी फाईलमध्ये लिहू देत नाही. बस चुकली असेल तर बस चुकली असं लिहा ना!

आता रेफर करणं. नुसती चिठ्ठी देऊ नका, कुटुंब समोर बसलेलं असतानाच पुढच्या संस्थेला फोन लावा, बोलणं करून द्या, तारीख आणि वेळ घ्या आणि कुठले कागद लागतील ते कागदावर लिहून द्या. नोंदीत चारच शब्द ठेवा: पाठवलं, भेट झाली, मदत मिळाली, मिळाली नाही. ‘मिळाली नाही’ असेल तर कारण हवंच. आठवड्यात काही कळलं नाही तर फोन तुम्ही करायचा.

तारखा एकमेकांशी जुळवून घ्या. तीन संस्थांनी तीन वेगळ्या दिवशी सकाळी बोलावलं की तीन दिवसांची मजुरी बुडते, आणि मग ‘लोक येतच नाहीत’ म्हणून आपणच बोंबलतो. लाभही जुळवायला लागतात. एका संस्थेने नोकरी लावून दिली, पगार उत्पन्नाच्या अटीच्या जरासा वर गेला, दुसरीकडची भाड्याची मदत बंद झाली आणि हातात आधीपेक्षा कमी उरलं, असं खरंच होतं. नोकरी सुरू व्हायच्या आधी हा हिशोब कुटुंबासोबत बसून करा, नंतर करून काय उपयोग.

पंधरा दिवसांनी एक मीटिंग ठेवा, तासाभराची, अडकलेल्या पाच-सहा केसेसपुरती. जमेल तिथे कुटुंबातलं कोणीतरी बोलवा, त्यांच्यासमोर आपली भाषा आपोआप सुधारते. प्रत्येक निर्णयापुढे नाव आणि तारीख लिहा. ‘आपण बघू’ हा निर्णय नाही.

संस्थांमध्ये लेखी करार करून ठेवा, दोन पानांचा पुरे: माहिती कोण ठेवणार, वाद झाला तर कोण मिटवणार, आणि फंडिंगच्या रिपोर्टमध्ये हे कुटुंब कोणाच्या आकड्यात धरायचं. भांडणं बहुतेक याच शेवटच्या गोष्टीवरून होतात. देणगीदाराला दाखवायला आकडा हवा असतो आणि मग एकच घर चार अहवालांत चार वेळा ‘सावरतं’. माझ्या मते दोनच गोष्टी मोजाव्यात, पाठवलेल्यांपैकी खरंच किती जणांना मदत मिळाली आणि त्यासाठी त्यांना किती चकरा पडल्या.

केस बंद करताना मुख्य कार्यकर्त्याने सगळ्या संस्थांना कळवायचं आणि कुटुंबालाही तसं स्पष्ट सांगायचं. एक महिन्याने परत एक फोन, जे मिळालं होतं ते अजून चालू आहे का एवढंच विचारायला. त्या चार चिठ्ठ्यांवाल्या बाईंना मी असाच फोन केला तर म्हणाल्या, “सगळं मिळालं हो, पण रेशनवाले परत तोच फॉर्म भरायला सांगतायत.” फाईल परत उघडली.