बाळ दूध टाकतंय? मग आधी या चुका टाळा

पाजून झालं, बाळाला खांद्यावर घेतलं आणि पाठीवरून ऊन ओघळ आला, हे बाळंतिणीच्या घरात रोजचंच. खरा घोळ सुरू होतो तो त्यानंतरच्या उपायांनी. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. घरात आजी, काकी, बाळाला न्हाऊमाखू घालायला येणारी बाई, आणि रोज मुंबईहून व्हिडिओ कॉलवर डोकावणारा बाप. प्रत्येकाकडे एकेक उपाय तयार असतो आणि बाळ मात्र एकच, तेही तीन किलोचं.

अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायूंचा पट्टा नवजात बाळात वारंवार सैल पडतो. बाळ दिवसभर आडवं आणि खाणं सगळं पातळ, म्हणून जठरातलं दूध आम्लासकट वर येतं. पहिल्या दिवशी जठरात जेमतेम ५ ते ७ मिली दूध मावतं, महिन्याच्या बाळातही साधारण ८० ते १५०. दूध टाकणं सहसा चौथ्या महिन्याच्या आसपास सर्वांत जास्त असतं, बाळ बसायला लागलं की कमी होत जातं आणि वर्षाच्या आत बहुतेकांचं थांबतं. बाळ हसतंखेळतं आहे, वजन वाढतंय आणि तरी दूध टाकतंय, तर त्याला औषध लागत नाही. धुतलेले लंगोट तेवढे जास्त लागतात.

दूध नासलं म्हणून अंगावरचं तोडणं

बाहेर आलेलं दूध दह्यासारखं फुटलेलं दिसलं की आजी म्हणते, "अगो, तुझं दूध बाधतंय त्याला." जठरातल्या आम्लाने दूध फुटणं हेच पचनाचं पहिलं काम आहे. ते फुटलेलं दिसतंय म्हणजे पोट काम करतंय. आईच्या दुधाचा इथे काही दोष नाही. तरीही या एका वाक्यावर अंगावरचं तोडून गाईचं दूध किंवा पावडरचा डबा सुरू होतो. पावडरपेक्षा आईचं दूध जठरातून लवकर पुढे सरकतं, त्यामुळे बदल करून बहुधा उलटंच होतं.

आईच्या ताटाचंही तेच. मासे बंद, सोलकढी बंद, डाळ बंद, नुसती पेज आणि मेतकूट. त्याने बाळाचं ओकणं थांबत नाही, बाळंतीण मात्र गळून जाते. बाळाच्या शीमध्ये रक्त किंवा शेंब दिसत असेल, अंगावर इसबासारखे चट्टे असतील, तर गाईच्या दुधातल्या प्रथिनांची अॅलर्जी असू शकते. तेव्हा डॉक्टर आईला दोन ते चार आठवडे दूधदुभतं सोडून बघायला सांगतात. तेही दूधदुभतंच, सुरमई नव्हे.

सहाणेवरची गुटी

मुरुडशेंग, जायफळ, हळकुंड, बाळहिरडा, वेखंड, प्रत्येकाचे सहाणेवर दोन-चार वळसे आणि चमचाभर पाणी. ओकणाऱ्या बाळाला तर वेखंडाचा एक वळसा जास्तच. आता हेच वेखंड आयुर्वेदात वमनाच्या, म्हणजे उलटी करवण्याच्या औषधांत वापरतात. ओकणाऱ्या बाळाला ते का चाटवायचं, हे मला कुणी नीट समजावून सांगितलेलं नाही. शिवाय वळसा हे काही माप नव्हे, आज हलका पडतो, उद्या भारी. पावसाळ्यात कोकणात सहाण धड सुकतही नाही आणि वर विहिरीचं पाणी. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंबही नको, त्यात गुटीही आली. मध तर वर्षभर नकोच. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बॉट्युलिझम, म्हणजे अंग लुळं पाडणारी विषबाधा, होऊ शकतो. ग्राइप वॉटरनेही दूध वर येणं थांबत नाही.

दृष्ट काढायची तर मीठमोहऱ्या पडवीत ओवाळा आणि चुलीत टाका, पण मिरचीचा ठसका खोलीत नको. ओवा-वेखंडाच्या धुरीचंही तेच. धुराने बाळ खोकतं आणि खोकल्याच्या जोराने पोटातलं वर येतं.

पाजण्यातल्या आणि पाजल्यानंतरच्या चुका

खरा फरक इथेच पडतो. रडलं की भूक, असं धरून पुन्हा छातीला लावलं जातं. पोट आधीच तट्ट असेल तर बाळ घेतं आणि जास्तच टाकतं. थोडं थोडं, अंमळ लवकर पाजावं. एक बाजू झाली की ढेकर काढावा. ढेकर दहा मिनिटांत नाहीच आला तर पाठ बडवत बसू नये. पाजल्यावर वीस-तीस मिनिटं छातीशी उभं धरावं, बाळाची हनुवटी आपल्या खांद्यावर, पोटावर दाब नाही. बसवून धरलं की ते कमरेत दुमडतं आणि पोट दाबलं जातं, म्हणून बसतं नको, उभंच.

वरचं दूध असेल तर बाटलीच्या बुचाचं भोक तापलेल्या सुईने मोठं करू नका. दूध घट्ट व्हावं म्हणून पावडरचं एक माप जास्त किंवा नाचणीचं सत्त्व आपल्या मनाने घालू नका. बोंडल्याने पाजताना पायांवर आडवं घेऊन घशात दूध ओतायची पद्धत तर सर्वांत धोक्याची. दूध श्वासनलिकेत जातं. डोकं उंच धरून, ओठांशी लावून, बाळ जेवढं घेईल तेवढंच.

मालिश आणि न्हाणं पाजण्याआधी. बाई खोबरेल लावून पाय पोटाशी दुमडते तेव्हा पोट भरलेलं असेल तर दूध येणारच, त्यात तिची चूक नाही. बारशाला तर हमखास हेच होतं. रडू नये म्हणून ऐन वेळी पोटभर पाजतात, मग "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" करत बाळ पाळण्याखालून-वरून या हातातून त्या हातात, आणि नवं कोरं अंगडं-टोपडं भिजतं. अर्धा तास आधी पाजा, एवढंच. भरल्या पोटी कातळावरच्या खडबडीत वाटेने रिक्षातून नेणं हाही त्यातलाच प्रकार.

पालथं निजवणं, उशी देणं, झोळी

उताणं निजवलं तर दूध घशात अडकेल, ही भीती सगळ्यांना असते. उताण्या बाळात श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते, वर आलेलं दूध सहसा गिळलं जातं किंवा तोंडावाटे बाहेर पडतं. पालथं निजवलं की हीच रचना उलटी होते. शिवाय पालथं झोपवल्याने झोपेत अचानक मृत्यूचा धोका वाढतो. म्हणून ओकणारं बाळही उताणंच, सपाट आणि घट्ट गादीवर. डोक्याखाली उशी किंवा गादीला उतार नको. वाशाला बांधलेल्या साडीच्या झोळीत डोकं वर राहतं खरं, पण अंग दुमडतं आणि हनुवटी छातीला टेकते. जागं असताना, पोट हलकं असताना, आपल्या डोळ्यांसमोर पालथं घालायला हरकत नाही.

थोरल्याच्या बाटलीतलं औषध

कपाटात थोरल्या भावाचं उलटीचं औषध पडलेलं असतं. त्यात मेटोक्लोप्रामाइड असेल तर त्याने लहान बाळाची मान आणि डोळे वाकडे होऊ शकतात. युरोपच्या औषध संस्थेने २०१३ मध्ये ते वर्षाखालील बाळांना देऊ नये म्हणून सांगितलं. आम्ल कमी करणाऱ्या थेंबांनी दूध वर यायचं थांबत नाही, त्याचा आंबटपणा तेवढा कमी होतो, आणि संसर्गाचा धोका वाढतो. अन्ननलिकेला सूज आली असेल असं वाटलं तर डॉक्टर ते ठरावीक दिवसांसाठी देतात. दुकानातून मागून आणायची ती वस्तू नाही.

किती टाकलं यावरून घाबरणं

दोन चमचे दूध ओढणीवर ओतून बघा. केवढा डाग होतो! डागावरून अंदाज करू नका, वजनावरून करा. जन्मानंतर थोडं घटलेलं वजन दोन आठवड्यांत भरून यावं आणि पुढे तीन महिने दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढावं. पहिला आठवडा सरल्यावर दिवसातून सहा तरी लंगोट ओले व्हावेत. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. तेव्हा वजन करून घ्या आणि माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्या.

वाट बघण्याची चूक

हिरवी उलटी म्हणजे आतड्याला पीळ बसलेला असू शकतो. ती उजाडेपर्यंत थांबण्यातली गोष्ट नाही. दोन ते आठ आठवड्यांचं बाळ दर वेळी जोरात, लांब फेकल्यासारखी उलटी करतं आणि लगेच पुन्हा भुकेजतं, तर जठराचं खालचं तोंड आकुंचलेलं असू शकतं. सोनोग्राफीत कळतं आणि छोट्या शस्त्रक्रियेने बरं होतं. उलटीत रक्त, पोट फुगून ताठ, टाळू वर आलेली किंवा खोल गेलेली, ओठ निळे, श्वास अडकणं, सुस्ती, दूध नाकारणं, तीन महिन्यांच्या आत ताप: यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा आणि वाटेत पाजावं की नाही तेही तिथेच विचारा. सरकारी रुग्णालयात वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमातून मोफत आहेत, पैशासाठी अडू नका. आणि उलटीचं फडकं धुवायला टाकू नका, पिशवीत घालून बरोबर न्या. हिरवं म्हणजे नक्की किती हिरवं, ते डॉक्टरांनाच बघू द्या.