फवारणीची विषबाधा: उताऱ्याचं इंजेक्शन घरी ठेवू नका

पऱ्हाटी छातीला लागली आणि पाऊस उघडला, की फवारणीची एकच घाई होते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात अशाच हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन 20हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. म्हणून अ‍ॅट्रोपीन या उताऱ्याची इंजेक्शनं आणून घरात ठेवावीत का? नाही.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फरस गटातली औषधं. युद्धातला नर्व्ह गॅसही याच कुळातला. बाधा झाली की दरदरून घाम येतो, लाळ गळते, उलट्या-जुलाब होतात, अंगावरचं मांस फडफडतं, डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते आणि छाती घरघरू लागते. अ‍ॅट्रोपीन छातीतलं पाणी आटवतं, मंदावलेली नाडी वर आणतं. स्नायूंचा लुळेपणा मात्र त्याने जात नाही. त्यासाठी काही रुग्णांना प्रॅलिडॉक्सिम देतात, तेही वेळेत दिलं तरच उपयोगी.

सैनिकांकडे मांडीत टोचायची तयार इंजेक्शनं असतात, मग आपल्याकडे का नकोत, असं कुणी म्हणेल. सैनिकाला त्याचं प्रशिक्षण असतं. आपल्याकडे एकाच पंपात दोन-तीन औषधं कालवलेली, बाधा नेमकी कशाची हेच कळत नाही. सायपरमेथ्रीन किंवा डायफेन्थियुरॉन ही वेगळ्या गटातली कीटकनाशकं, त्यांच्यावर अ‍ॅट्रोपीन हा उतारा नव्हे. आणि नुसत्या उन्हाने भोवळ आलेल्या गड्याला ते टोचलं, तर घाम बंद होतो, अंग तापतं, नाडी धावते, माणूस बरळू लागतो.

मात्रेचा हिशोबही घरी जमणारा नाही. दवाखान्यात दर काही मिनिटांनी छाती तपासून मात्रा वाढवत नेतात. मात्रा पुरल्याची खूण म्हणजे घरघर थांबणं, बाहुली मोठी होणं नव्हे. मोठ्या बाधेत एका अँप्यूलने काही होत नाही. गावात एक सुई टोचून ‘आता बरं आहे’ म्हणत माणसाला घरी झोपवतात, हा प्रकार मला सगळ्यात घातक वाटतो. कुणी सुई दिलीच असेल, तर औषधाचं नाव, मात्रा आणि वेळ कागदावर लिहून सोबत द्या.

आपलं काम वेगळं आहे. बाधित माणसाला फवारणीच्या तुषारांपासून लांब मोकळ्या हवेत आणा. भिजलेले कपडे काढा, साबण लावून अंग आणि केस भरपूर पाण्याने धुवा, हातात रबरी मोजे घालूनच. डोळ्यांत औषध गेलं असेल तर नुसत्या पाण्याने धुवा. दूध, तेल, मिठाचं पाणी पाजू नका, उलटी काढू नका. शुद्ध हरपत असेल तर डाव्या कुशीवर निजवा. 108ला फोन लावा. पंपात जेवढी औषधं कालवली होती, त्या सगळ्यांचे डबे किंवा लेबलं सोबत न्या. उताऱ्याची माहिती लेबलावर आणि सोबतच्या पत्रकात छापलेली असते.

एक-दोन दिवसांत माणूस बोलू-चालू लागला तरी घरी नेण्याची घाई करू नका. साधारण पहिल्या चार दिवसांत मान उशीवरून उचलेनाशी होणं आणि मग श्वास अडणं, असं होऊ शकतं. घरी आल्यावरही रक्तातलं कोलिनेस्टरेज, म्हणजे ही औषधं ज्याचं काम बंद पाडतात ते विकर, पूर्ववत व्हायला आठवडे लागतात. तोवर पंप दुसऱ्याच्या पाठीवर द्या, आणि परत कधी घ्यायचा ते डॉक्टरांना विचारा.